डबल बास ऐकू यावा म्हणून

डबल बास म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं, उभं धरून वाजवायचं सगळ्यात मोठं वाद्य. त्याची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की 41 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 41 कंपनांचा, स्वर निघतो. हवेत त्याची एक लहर आठ मीटरच्या वर लांब पसरते. वाद्याचं पोट मात्र एक मीटरहून थोडंच उंच. एवढ्याशा पोटातून एवढी मोठी लहर धडपणे बाहेर पडत नाही. हे मला कुठे वाचण्याआधी दांडिया बाजारातल्या आमच्या तालमीच्या खोलीत कळलं. एकटी वाजवत असले की वाटायचं, अख्खा वाडा हलतोय. तबला, हार्मोनियम, कीबोर्ड आणि साइड ऱ्हिदम सुरू झालं की मी नुसती बोटं हलवतेय असं दिसायचं.

त्यात ती खोली दहा बाय बाराची. दहा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये जी लहर अडकून घुमते ती साधारण 57 हर्ट्झची, म्हणजे मोकळ्या ए तारेच्या (55) अगदी शेजारची. बारा फुटांची जोडी 47च्या आसपास घुमते, तो झाला एफ शार्प. त्यामुळे ए वाजला की कपाटाच्या काचा थरथरणार आणि वरचा सी मात्र कुठे गेला ते कळणार नाही. खोलीत वाद्य कसं लागतं यावरून सभागृहाचा अंदाज बांधायचा नाही, एवढं तिथे शिकले.

आधी मी बास गिटार वाजवायचे, तीही गरब्याच्या सेटमध्ये. बडोद्यात बासवाल्याला दुसरीकडे कुठे नियमित काम मिळणार! पण आमचा सहा-सात जणांचा मराठी ग्रुप भावगीतं आणि जुनी हिंदी गाणी करतो, आणि तिथे बास गिटारचा स्वर मला खटकायचा. तो लांबतो. तबलजीने सम दिली, पुढच्या मात्रा आल्या, तरी मागचा स्वर आपला रेंगाळतोच आहे. डबल बासचा स्वर धप्पकन येतो, थोडा फुलतो आणि बाजूला होतो. मुंबईच्या सिने-ऑर्केस्ट्रात वाजवलेल्या एका वादकाच्या घरी वाद्य पडून आहे असं कळलं, आणि टेम्पोत गाद्यांच्या मध्ये आडवं घालून ते बडोद्याला आणलं. प्लायवुडचं आहे, अस्सल कोरीव लाकडाचं नाही. जाणकार नाक मुरडतात. स्टेजसाठी मला ते उलट सोयीचं वाटतं: कमी घुमतं, आणि बडोद्याचा मे आणि बडोद्याचा ऑगस्ट दोन्ही निमूट सोसतं.

प्रवासात तारा सैल केल्या होत्या, त्यामुळे आतला साउंडपोस्ट पडला. तारा ज्या लाकडी पुलावर टेकतात त्या घोडीच्या एका पायाच्या जरा मागे, वरच्या आणि खालच्या फळीच्या मध्ये, नुसता दाबावर उभा राहणारा हा लाकडी दांडा. ना गोंद, ना खिळा. तो जागेवर नसेल तर वाद्याचा अर्धा आवाज जातो आणि तारा ताणल्या तर फळी खचू शकते. बडोद्यात डबल बास दुरुस्त करणारं कोणी नाही. सुरसागरजवळच्या संगीत महाविद्यालयात शिकलेला एक व्हायोलिनवाला मित्र मदतीला आला. 1886 साली गायक मौलाबक्षांनी सुरू केलेली गायनशाळा पुढे वाढत वाढत जिथे पोचली, ते हे महाविद्यालय. व्हायोलिनचं हत्यार इथे काडीसारखं आखूड पडलं. मग सायकलच्या दोन आऱ्या जोडून वाकवल्या, एफच्या आकाराच्या भोकातून डेंटिस्टचा आरसा आत घातला, त्यात टॉर्च मारला, आणि मी श्वास रोखून वाद्य धरून बसले. दांडा उभा राहतो, आपण हत्यार बाहेर काढतो, आणि तो टक् आवाज करून पुन्हा पडतो. हे संध्याकाळभर चाललं. उभा राहिला तेव्हा कोणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत, आधी चारही तारा जरा जरा ताणून घेतल्या.

आवाज वाढवायचं दुखणं या वाद्याइतकंच जुनं असावं. 1946च्या सुमारास अमेरिकेत एव्हरेट हल नावाच्या बासवादकाने वाद्य ज्या टोकदार दांड्यावर उभं राहतं त्या दांड्यातूनच पोटात माइक घातला. अँपेग ही अँप्लिफायरची कंपनी उभी राहिली ती त्या उद्योगातून. 1951 साली लिओ फेंडरने पडदे लावलेला प्रिसिजन बास हा विजेवरचा बास गिटार बाजारात आणला, आणि बहुतेकांनी या दुखण्यावर औषध शोधण्यापेक्षा वाद्यच बदललं. मी उलट्या दिशेने निघाले होते.

पहिल्या कार्यक्रमांना आमच्याकडे एकच उपाय होता: गाण्याचाच एक माइक स्टँडवर खाली करून एफच्या भोकासमोर ठेवायचा. त्यात बास येतो, आणि बासच्या बरोबर शेजारचा ढोलक, कीबोर्डचा मॉनिटर (वादकाला स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) आणि निवेदिकेचा खोकलाही येतो. आवाज थोडा चढवला की घुंऽऽ सुरू. गाण्याच्या माइकची शिट्टी कानाला टोचते म्हणून लगेच कोणीतरी धावतं. ही घुंऽऽ हळू चढते, आणि बरेचदा लोकांना वाटतं जनरेटर लागला. मग माइक फोममध्ये गुंडाळून घोडीच्या पायांमधल्या फटीत खोचला. ही जुनी युक्ती आहे, स्वस्तात होते, आणि लहान सभागृहात मी आजही ती कोणालाही सुचवीन. मोठ्या स्टेजवर पुरत नाही.

पुढची पायरी पिझोची. घोडीचं कंपन थेट पकडणारी चकती; हवेतून काही ऐकायचंच नाही. पहिली चकती साधी, घोडीला दुहेरी टेपने चिकटवलेली. साउंडवाल्या भाईने वायर हातात घेतली, म्हणाला, "बेन, आ लाइनमां नाखी दउं?" आणि मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये टाकली. स्पीकरमधून जे आलं त्याला बास म्हणवेना. बोट तारेला घासल्याची खरखर, घोडीची टकटक, आणि नाकातून बोलल्यासारखा एक बारीक स्वर. भाईने बासचं बटण पूर्ण उजवीकडे फिरवलं. खरखर जाड झाली, बाकी काही नाही.

उत्तर शेजारी मिळालं. रिफायनरीतून निवृत्त झालेले आमचे काका, हयात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये गेलेली. त्यांनी चकती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "अगं, हा तर सेन्सर आहे. पंपांचं कंपन मोजायला आम्ही याचेच भाईबंद लावायचो. याला भार सोसत नाही." मग पेन घेऊन वर्तमानपत्राच्या कडेवर हिशेब केला. पिझो म्हणजे विजेच्या भाषेत छोटा कपॅसिटर. तो एक नॅनोफॅरडचा धरा. मिक्सरच्या लाइन इनपुटचा भार साधारण दहा किलोओहम (ओहम जितके जास्त, तितका भार हलका). ही जोडी लावली की 16 किलोहर्ट्झच्या खालचं सगळं उतरणीला लागतं. सोळा हजार! म्हणजे बास तर सोडाच, गायिकेचा तार षड्जही त्या उतरणीवरच येतो. एक मेगओहम दिला तर उतरण 160 हर्ट्झवर सरकते, दहा मेगओहम दिला तर 16वर. आपला सगळ्यात खालचा स्वर 41चा, म्हणजे शेवटचाच आकडा कामाचा.

काकांनी एक जेफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर), दहा मेगओहमचा रेझिस्टर, एक-दोन कपॅसिटर आणि नऊ व्होल्टची बॅटरी एवढ्यावर बफर, म्हणजे चकतीवर मिक्सरचा भार पडू न देणारं सर्किट, बनवला. डबी पत्र्याचीच हवी, नाहीतर स्टेजवरच्या दिव्यांची गुणगुण आत शिरते. म्हणून माझ्या मुलीची जुनी कंपास पेटी कामी आली, आतला मार्कांचा तक्ता चिकटलेला तसाच. "आणि ही डबी मिक्सरपाशी ठेवू नकोस," काकांनी बजावलं. "वाद्यावरच बांध. चकतीपासून डबीपर्यंतची वायर जेवढी लांब, तेवढा सिग्नल वायरच खाते. डबीच्या पुढे मग पन्नास फूट टाक, काही होत नाही." तारा जिथे खाली बांधलेल्या असतात त्या टेलपीसखाली वेलक्रोने डबी बांधली, आणि पहिल्यांदाच स्पीकरमधून माझं वाद्य ओळखू आलं. पुढे भाच्याने अमेरिकेहून फिशमन कंपनीचा फुल सर्कल नावाचा पिकअप, म्हणजे कंपन पकडणारा तयार सेन्सर, आणून दिला. घोडीचे पाय वर-खाली करायची जी चाकं असतात, त्यातल्याच एका चाकात हा पिकअप बसवलेला असतो. टेप सुटण्याची कटकट गेली. पावसाळ्यात लाकूड फुगून तारा वर उचलल्या जातात, तेव्हा तेच चाक फिरवून उंची उतरवते. डबी मात्र काकांचीच आहे.

पिकअप आला म्हणजे घुमणं संपलं अशी माझी समजूत होती, ती चुकली. डबल बासची पुढची फळी हीच मुळात मायक्रोफोनची भलीमोठी पाटी. स्पीकरचा आवाज फळीला हलवतो, फळी घोडीला, घोडी पिकअपला, आणि चक्र पूर्ण. यावर आता जे करते त्याचा क्रम ठरून गेलाय, आणि साउंड चेकला बाकी मंडळी चहाला गेली की मी आणि भाई दोघंच ते करतो.

आधी चारही तारांवर तळहात दाबून उभी राहते आणि भाईला आवाज हळूहळू चढवायला सांगते. तारा बंद, तरी घुमलं तर ते पोट घुमतंय. मग घुमण्याचा स्वर तारेवर बोटाने शोधायचा. माझ्या वाद्याचं दुखरं ठिकाण मोकळ्या जी तारेपाशी आहे, 98 हर्ट्झच्या आगेमागे. तेवढाच अरुंद पट्टा इक्वलायझरवर खाली ओढायचा. शेजारचं काही कापायचं नाही, नाहीतर डबल बासची सगळी ऊब त्याच्याबरोबर जाते. मग हात काढून पुन्हा तेच. आता तारा आपोआप गाऊ लागतात का ते बघायचं. मधे फेजचं, म्हणजे सिग्नल उलटा करणारं, बटण दाबून बघायचं. घुमणं एकतर जातं, नाहीतर दुसऱ्या स्वरावर सरकतं. कोणती बाजू बरी हे आधी सांगता येत नाही, कारण ते स्पीकरपासूनच्या अंतरावर ठरतं. दोन पावलं मागे सरकले की उत्तर बदलतं. म्हणून जागा सापडली की चपलेभोवती खडूने खूण.

सगळ्यात मोठा वाद व्हायचा तो हाय-पास फिल्टरवरून, म्हणजे ठरवलेल्या आकड्याखालचा आवाज कापणाऱ्या फिल्टरवरून. तो मी 40च्या आसपास लावायला सांगते. त्यावर भाईचा चेहरा बघण्यासारखा होता. "बेन, बेझमांथीज बेझ काढी नाखुं?" हो, काढायचाच. त्याच्या खाली माझा एकही स्वर नाही. तिथे आहे ते पायांचा धपधपाट, मांडवातून फिरणारा वारा आणि पोकळ स्टेजचा हादरा. हे सगळं सबवूफरला नुसतं दमवतं. कधी कधी मी 50पर्यंतही वर जाते. मूळ 41 दबला तरी त्याचे वरचे 82 आणि 124 शाबूत असले की कान खालचा स्वर आपला आपण भरून काढतो. लग्नाच्या हॉलमधले स्पीकर एरवीही 41 कुठे देतात! फिल्टर लावून भाईने मागच्या खुर्चीवर जाऊन ऐकलं आणि परत येताना काही न बोलता तो कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताचे खालचे स्वरही थोडे कापून आला. तेव्हापासून वाद नाही.

उरलेले उपाय गावठी आहेत. एफची दोन्ही भोकं गादीवाल्याकडच्या फोमने बुजवते, वर आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा, म्हणजे फोमचा चुरा आत पडत नाही. खालच्या दांड्याच्या टोकाखाली रबरी पायपुसणं, कारण मांडवाचं स्टेज पोकळ असतं आणि सब त्याच्याच पोटाशी लावलेले असतात. तो हादरा दांड्यातून थेट वाद्यात चढतो. माझा अँप खुर्चीवर, कानाच्या उंचीला, जरा बाजूला. जमिनीवर ठेवला तर मला ऐकू येत नाही म्हणून मी वाढवते, आणि पहिल्या रांगेतल्या आजोबांच्या छातीत धडधडतं.

आता वाजवण्याबद्दल. पिकअप लागला की उजवा हात बदलावाच लागतो. विनामाइक वाजवताना मी तार ओढून सोडायचे, जीव तोडून. पिझोला ती ओढ आवडत नाही; टणक आघात तेवढा पकडतो आणि मागचा स्वर पातळ. आता बोटाची कड, नखाच्या शेजारचा मांसल भाग, तारेला आडवा लावते आणि हलकंच वाजवते, फिंगरबोर्डच्या टोकाशी. बोटांवरचे फोड त्यामुळे गेले.

खरी गाठ मात्र तबल्याशी आहे. डग्ग्याचा घुमारा आणि माझे मधल्या तारांचे स्वर एकाच गल्लीत राहतात. शिवाय डग्गा घसरतो. मनगट दाबलं की त्याचा स्वर वर चढतो, आणि मी तेव्हाच स्थिर स्वर धरला असेल तर दोन्ही मिळून बेसूर लागतं. आमच्या तबलजींना दादा म्हणतो, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. त्यांनीच एकदा तालमीत थांबवलं. "तू समेवर ये, पाचवीवर ये, पण मधे माझा घुमारा चालू असताना तोंड घालू नकोस." केरव्यात पहिली आणि पाचवी, दादऱ्यात पहिली आणि चौथी, एवढंच मी आता बहुतेक गाण्यांत वाजवते. अंतऱ्यावरून मुखड्याकडे येताना दोन-तीन स्वर जास्तीचे. रेकॉर्ड ऐकून उतरवलेल्या सगळ्या जागा वाजवायचा मोह होतो, पण त्या रेकॉर्डला वेगळा माइक, वेगळी खोली आणि पुन्हा घेण्याची सोय होती.

पट्टीचा प्रश्न मला कोणी आधी सांगितला नव्हता, म्हणून इथे सविस्तर लिहिते. डबल बासच्या मोकळ्या तारा ई, ए, डी, जी. आपल्या हार्मोनियमच्या पट्ट्यांच्या भाषेत पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. आणि आपले गाणारे? आमचे गायक काळी एक, गायिका काळी चार किंवा पाच. म्हणजे सा मोकळ्या तारेवर कधीच नाही. काळी एकचा पंचम काळी चार, मध्यम काळी तीन, तेही नाहीत. अख्खा कार्यक्रम डाव्या हाताने दाबून वाजवायचा, आणि या वाद्याला पडदे नाहीत. सुराची जागा कानाने ठरते, आणि स्टेजवर कान म्हणजे मॉनिटर. म्हणून माझ्या मॉनिटरमध्ये मी स्वतःचा बास अगदी थोडा घेते, इलेक्ट्रॉनिक तानपुरा जास्त. तानपुऱ्याच्या पंचमावर बोट नीट बसलं की स्वर मोकळा होतो, हे कानाआधी डाव्या अंगठ्याला कळतं. दाबलेल्या तारेचा एक फायदा आहे: बोट उचललं की स्वर थांबतो, आपोआप घुमत बसत नाही. आणि एकाच गायकाचा कार्यक्रम असेल तर मी चारही तारा अर्ध्या स्वराने उतरवून ठेवते. मग काळी एकला सा आणि पंचम दोन्ही मोकळ्या तारांवर येतात, काळी चारला सा आणि मध्यम. तारा थोड्या मऊ होतात, तेही मला चालतं. दोन गायक असतील तर मात्र हा उद्योग करत नाही.

दिवाळी पहाट वेगळीच. उघड्यावर भिंती नाहीत, म्हणजे 57 नाही आणि 47 नाही, आणि खालचा सगळा आवाज प्रेक्षकांच्या डोक्यावरून निघून जातो. स्टेजवर मला वाटतं मी वाजवतच नाहीये. मुलगी शेवटच्या रांगेतून फोनवर 'येतोय' असा मेसेज टाकते, त्यावर विश्वास ठेवायचा. पहाटे साडेचारला मिळवलेल्या तारा उजाडेपर्यंत सरकतात, म्हणून निवेदन लांबलं की मी खूश असते. मागे वळून, आवाज बंद करून, ट्यूनरवर चारही तारा बघून घेते. आमच्या निवेदिकेला हे माहीत आहे. माझ्याकडे नजर टाकून ती एखादी आठवण जास्तीची सांगते.

गेल्या वर्षीपासून गरब्याच्या सेटवालेही विचारू लागलेत, ताई, तो मोठा बास आणा, दिसायला भारी दिसतो. भाव दुप्पट देऊ म्हणाले. मी नाही म्हणते. मैदानात हजारो माणसं, रांगेने सब, आणि तिथे लागणाऱ्या आवाजात फळी घुमू न देणं माझ्याच्याने होणार नाही. फोम, फिल्टर, फेज सगळं करून शेवटी लोकांना ऐकू येईल तो पिझोचा टकटकाट. नुसतं दाखवायला वाद्य उभं करायचं तर मला कशाला बोलावता? नवरात्रात मी बास गिटार घेते, वाद्य मिक्सरला थेट जोडणाऱ्या डीआय बॉक्समध्ये लावते, आणि रिक्षाने घरी येते.